घरचा पीसी मधेच बंद पडतो, रिस्टार्ट होतो? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

आपल्याकडे खानदेशात एप्रिल लागला की माझे फोन सुरू होतात. कोणी जामनेरहून, कोणी चोपड्याहून, कोणी शिरपूरहून, आणि सगळ्यांचं एकच, "भो, पीसी परत बंद पडना". कधी पाच मिनिटात पडतो, कधी दिवसभर काहीच होत नाही, दुकानवाल्याने फॉरमॅट मारून दिलं, चार दिवस चालला आणि परत तेच. गेली बारा-तेरा वर्षं मी घरचे आणि नातेवाईकांचे पीसी उघडून बसतोय आणि एवढं नक्की सांगतो की असा मधेच पडणारा पीसी दुरुस्त करायला आधी स्क्रूड्रायव्हर नाही लागत, वही लागते. पीसी काय झालं म्हणून पडला हे नंतर, आधी तो कधी पडतो ते शोधायचं.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. मागे एका मे महिन्यात आमचा पीसी रोज पडायला लागला. मुलीचं फॉर्म भरणं चालू होतं, अर्धा फॉर्म भरला की फट्कन बंद. घाईत मी तो दुकानात नेला, तिथे दोनदा फॉरमॅट झाला, नवीन रॅम (पीसीची तात्पुरती मेमरी) बसली, दुकानात आठ-आठ तास व्यवस्थित चालायचा आणि घरी आणला की संध्याकाळी बंद. शेवटी वही घातली. अकरा वेळा पडल्याची नोंद झाली तेव्हा दिसलं की त्यातल्या नऊ वेळा संध्याकाळी सात ते नऊच्या मधे पडला आणि त्या क्षणी घरातला ट्यूब जरासा मिचकला होता. पीसीत काहीच बिघाड नव्हता. इन्व्हर्टरच्या मागचं बटण चुकीच्या जागी होतं आणि ज्या बोर्डावर पीसी त्याच बोर्डावर कूलर होता. एक रुपया न लागता काम झालं, पण त्याआधी रॅमचे पैसे गेले आणि मुलीचे फोटो फॉरमॅटमधे गेले ते काही परत आले नाहीत. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी डेटा काढून घ्या

पीसी चालू होतोय तोवर फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ, शाळा-कॉलेजचे कागद, टॅलीचा डेटा, जे काही आहे ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर नाहीतर मोठ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा. रॅम खराब असेल तर कॉपी होतानाच फाइल बिघडू शकते, म्हणून कॉपी झाल्यावर दहा-बारा फाइली उघडून बघा. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, आणि जुन्या बॅकअपवर नवीन कॉपी चढवू नका, वेगळ्या फोल्डरमधे ठेवा.

आता वही

दोन रुपयाचा कागद चालेल. प्रत्येक वेळी पडला की तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं (गेम, यूट्यूब, नुसता डेस्कटॉप), खोलीत कूलर चालू होता का, लाईट मिचकली का, आणि कसा पडला ते लिहा. "कसा पडला" हे फार महत्त्वाचं आहे कारण त्यावरूनच अर्धा निकाल लागतो.

एकदम काळा होऊन बंद, जसा कोणी प्लग काढला, किंवा तसाच काळा होऊन आपोआप परत चालू, मधे निळा स्क्रीन नाही, तर नजर आधी लाईन (घरचा वीजपुरवठा), यूपीएस (लाईट गेली की पीसी बॅटरीवर चालवणारा डबा), एसएमपीएस (पीसीच्या आत करंट पुरवणारा डबा) आणि गरमीकडे. निळा स्क्रीन येऊन काहीतरी लिहून येतं आणि मग रिस्टार्ट होतो, तर ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर), रॅम, डिस्क. चित्र जागच्या जागी गोठतं, माउस हलत नाही, आवाज घर्रर्र करत अडकतो, तर ग्राफिक्स कार्ड, रॅम किंवा एसएसडी (चिपवाली डिस्क). आणि फक्त एकच प्रोग्राम बंद होतो, बाकी पीसी चालू राहतो, तर त्या प्रोग्रामचं दुखणं बघा, कॅबिनेट उघडायची गरज नाही.

निळा स्क्रीन डोळ्याला दिसायच्या आतच जात असेल तर स्टार्टमधे व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज शोधा, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंगमधे ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढून टाका. मग स्क्रीन थांबून राहतो, मोबाईलने फोटो काढा.

विंडोज स्वतः काय लिहून ठेवतं ते वाचा

स्टार्टमधे रिलायबिलिटी असं टाइप करा, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री येईल. तिथे दिवसांप्रमाणे लाल फुल्या दिसतात, कुठल्या दिवसापासून सुरू झालं आणि त्याच्या आदल्या दिवशी कुठला ड्रायव्हर किंवा अपडेट बसलं हे एका नजरेत कळतं. वहीसोबत ही तारीख जुळवा.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. इथे बहुतेकांना कर्नल-पॉवर ४१ दिसतं आणि ते घाबरून एसएमपीएस बदलायला निघतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी नीट शटडाऊन झाला नव्हता. का नाही झाला ते त्यात सांगितलेलं नसतं, तुम्ही स्वतः बटण दाबून ठेवून बंद केला तरी तोच येतो. पण त्याच्या डिटेल्समधे बगचेक कोड नावाची ओळ असते, ती मात्र कामाची. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे करंट तुटला किंवा पीसी पूर्ण गोठला. ० सोडून दुसरा आकडा असेल तर निळा स्क्रीन येऊन गेला, तुम्हाला दिसला नसेल तरी.

४१ च्या दोन-चार मिनिटं आधीच्या ओळी पण वाचा. डिस्क नावाने ७, ५१ किंवा १५३ परत परत येत असेल तर डिस्क किंवा तिची केबल. डिस्प्ले नावाने ४१०१ म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकून परत उठला. डब्ल्यूएचईए-लॉगर म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड (पीसीतला मुख्य बोर्ड) किंवा स्लॉटमधल्या कार्डाने हार्डवेअरची चूक कळवली, हे आलं की सॉफ्टवेअरच्या मागे वेळ घालवू नका.

लाईन, म्हणजे आपल्याकडचा पहिला संशयित

पुण्यामुंबईचे व्हिडिओ बघून लोक थेट ग्राफिक्स ड्रायव्हरपासून सुरू करतात. आपल्या भागात मी उलट सांगेन, सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करा. गावाकडे एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती लोड असतो, मोटरी चालू झाल्या की बल्ब कसा डीम होतो हे सगळ्यांना माहितीये. पीसीला करंट न तुटता लागतो, आणि लाईट गेल्यावर एसएमपीएस पूर्ण लोडवर आतल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो, तेही चांगला असेल तर. आपल्या लाईनचं एक चक्रच २० मिलीसेकंदाचं असतं. म्हणजे डोळ्याला नुसता ट्यूब मिचकलेला दिसतो तेवढ्यात पीसी गेलेला असतो.

आता इन्व्हर्टर. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक छोटं बटण असतं, एका बाजूला नॉर्मल किंवा इको आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर असेल तर व्होल्टेज बराच खाली गेला तरी तो लाईनवरच राहतो आणि बॅटरीवर यायला वेळ लावतो, पंख्याला त्याचं काही नाही पण पीसी बंद पडतो. यूपीएसवर टाकलं की लवकर बॅटरीवर येतो. माझ्या घरची बरीचशी गोष्ट या एका बटणाची होती. पीसीला वेगळा छोटा यूपीएस असेल तर सगळ्यात उत्तम, पण त्याची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात लवकर मरते, लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे दोन-अडीच वर्षं झालेली बॅटरी चांगलीच असेल असं धरू नका.

तपासायची सोपी पद्धत अशी. पीसी रिस्टार्ट करून बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) स्क्रीनवर न्या, बहुतेक मदरबोर्डांवर डिलीट किंवा एफ२ दाबून जाता येतं, आणि तिथे असताना भिंतीवरचं बटण बंद करून यूपीएसची लाईन तोडा. बायोसमधे असल्यामुळे विंडोजची फाइल बिघडायची भीती नाही. असं पाच-सहा वेळा करा. एकदाही पीसी पडला तर बहुधा यूपीएस किंवा त्याची बॅटरी दोषी.

एक्सटेंशन बोर्ड काढून टाका आणि पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून दोन दिवस बघा. प्लग ढिला बसतोय, हात लावला की हलतोय, आतून चरचर आवाज येतो किंवा बटण गरम लागतं तर ते सॉकेट आधी बदला. कूलर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर यातलं काहीही पीसीच्या बोर्डावर नको. मोटर सुरू होताना क्षणभर भरपूर करंट खेचते आणि त्याचा झटका शेजारी बसतो.

अर्थिंग वायरमनकडून बघून घ्या, स्वतः उघड्या वायरीत हात घालू नका. फेज-न्यूट्रलमधे २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमधे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात नावालाच राहते, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी टाकत चला. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ही त्याचीच खूण. आणि घरातले काही बल्ब अचानक फार लख्ख आणि काही डीम झाले तर पीसीचं सोडा, मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा, न्यूट्रल सुटलेला असू शकतो, त्यात जिवालाही धोका आहे.

एसएमपीएस

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर त्याचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. तिथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच, आणि प्रोसेसर-ग्राफिक्स कार्ड दोघं मुख्यतः त्याच १२ व्होल्टवर जगतात. गेम चालू केला की पडतो, डेस्कटॉपवर पडत नाही, अशी नोंद वहीत असेल तर इकडे बघा. मल्टिमीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरमधे ११.४ ते १२.६ च्या मधे यायला पाहिजे, पण मीटरवर बरोबर आलं म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही, क्षणभराची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. खरी परीक्षा म्हणजे ओळखीतल्या कोणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे जीवघेणा चार्ज राहतो.

गरमी आणि धूळ

भुसावळ-जळगावला मे महिन्यात ४५ डिग्री म्हणजे नेहमीचं. हिशोब साधा आहे, प्रोसेसरचं टेंपरेचर म्हणजे खोलीचं टेंपरेचर अधिक त्याची स्वतःची वाढ. डिसेंबरात खोली २२ आणि गेम खेळताना प्रोसेसर ७० वर असेल तर मे महिन्यात खोली ४२ झाल्यावर तोच प्रोसेसर ९० च्या आसपास जाणार, पीसीत काहीही बदल न होता. म्हणून "हिवाळ्यात तर चांगला चालत होता" हे वाक्य माझ्यासाठी फार कामाचं असतं.

एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्राम टाका आणि अर्धा तास नेहमीचं काम करून सगळ्यात जास्त टेंपरेचर किती गेलं ते बघा. बऱ्याच इंटेलची मर्यादा १०० आणि रायझन ७००० वाल्यांची ९५ असते, तिथे पोचला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी नाही भागलं तरच बंद होतो. म्हणजे प्रोसेसरच्या गरमीने पडणारा पीसी आधी बहुतेक हळू होतो, पंखा ओरडतो. यातलं काहीच न होता फट्कन गेला तर मी परत लाईन आणि एसएमपीएसकडेच वळेन.

आता साफसफाई. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेट अंगणात न्या. जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांच्या हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) कापसाची अक्षरशः गादी जमलेली मी पाहिली आहे, धाब्याच्या घरात वरून बारीक माती झिरपत राहते, दोन्हीकडे वर्षातून दोनदा तरी साफ करावं लागतं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरचे (हीटसिंक आणि पंखा) चार प्लास्टिकचे खिळे बोटाने दाबून बघा, एखादा सुटलेला असतो आणि मग नवीन पेस्ट लावूनही उपयोग नसतो. तीन-चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली ही पेस्ट बदला, वाटाण्याएवढी पुरे.

कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवायची आपली सवय सोडा. तो कप्पा म्हणजे भट्टी, पंखा तीच गरम हवा परत आत ओढतो. बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. आणि खोलीतला पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडावर लावू नका. माणसाला गार वाटतं पण त्या हवेतले पाण्याचे बारीक थेंब आणि त्यातले क्षार धुळीत बसतात, आणि ओली धूळ मदरबोर्डवर करंट वाहून नेऊ शकते. कूलरचा झोत दुसऱ्या बाजूला, खिडकी किंवा दार थोडं उघडं, एवढं सांभाळा. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारा ते चार जड काम टाळता आलं तर टाळा.

रॅम

निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळंच नाव, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा आणखी काही, तर पहिला संशय रॅमवर. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून मग रॅम काढा, सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा पुसा आणि दोन्ही बाजूंचा टक् आवाज येईपर्यंत बसवा. खरं सांगायचं तर निम्मे रॅमचे प्रश्न माझ्याकडे इथेच सुटले आहेत. नाही सुटला तर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या. एक जरी चूक आली तरी ती चूकच, "एकच तर आली" म्हणून सोडू नका. मग एकेक पट्टी एकटी लावून तपासा, पट्टी खराब की स्लॉट खराब ते कळतं. बायोसमधे एक्सएमपी किंवा एक्सपो चालू असेल तर बंद करून बघा, कधीकधी रॅम चांगली असते, फक्त तिला जास्त पळवलेलं असतं.

डिस्क, ग्राफिक्स, विंडोज

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. ०५, सी५, सी६ या ओळींच्या रॉ आकड्यात शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल तर डिस्क मरायला आली, नवीन घ्या. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क नाही, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला, स्वस्तात सुटाल.

ग्राफिक्स कार्ड असेल तर सेफ मोडमधे (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर चालवून) डीडीयू नावाच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून कंपनीच्या साइटवरून नवीन टाका. मोठ्या कार्डाला दोन पॉवर सॉकेट असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल लावा.

ड्रायव्हर की हार्डवेअर हे ठरत नसेल तर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टम) पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवा आणि तीन-चार तास त्यावर यूट्यूब लावून ठेवा. तिथेही पडला तर विंडोज निर्दोष, फॉरमॅटचे पैसे वाचले. तिथे पडत नसेल तर विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करायला अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधे एसएफसी, स्पेस, स्लॅश, स्कॅननाऊ हे इंग्रजीत टाइप करून चालवा, दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, कॅबिनेटचे रंगीत लाईट चालवणारे प्रोग्राम काढा, आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर तेही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यावर असाल तर पुढचं ठरवून ठेवा.

इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या जनरेशनचा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ही ओळ नीट वाचा. त्यात जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू कमजोर होण्याचा दोष निघाला, २०२४ मधे कंपनीने बायोसमधून त्यावर उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम उघडताना ग्राफिक्स मेमरी संपल्याचा खोटा मेसेज येणं ही त्याची एक खूण. बायोस अपडेट करा, पण तपासलेल्या यूपीएसवरच, मधे लाईट गेली तर मदरबोर्डच उठणार नाही. आधीच कमजोर झालेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, वॉरंटीत द्या.

एका वेळी एकच बदल

रॅम साफ केली, ड्रायव्हर बदलला, सॉकेट बदललं, सगळं एकाच रविवारी केलं आणि पीसी चालला तर नेमकं काय होतं ते कधीच कळत नाही. एक बदल करा, वहीत लिहा, आणि आधी जेवढ्या दिवसात पडायचा त्याच्या तिप्पट दिवस बघा. तीन दिवसातून एकदा पडत असेल तर नऊ-दहा दिवस न पडल्याशिवाय बरा झाला म्हणू नका.

एवढं करूनही नाही सापडलं तर दुकानात न्या, पण वहीच्या पानांचा फोटो आणि निळ्या स्क्रीनचा फोटो सोबत द्या, काय काय करून झालं ते सांगा, आणि फॉरमॅट मारायच्या आधी मला फोन करा असं कॅबिनेटवर कागद चिकटवून लिहून द्या. दुकानात पडत नाही आणि घरीच पडतो असं झालं तर पीसी परत आणून शेजाऱ्याच्या नाही, दुसऱ्या डीपीवरच्या नातेवाईकाच्या घरी आठ दिवस लावून बघा.